‘शुगर’ या इंग्रजी शब्दाचे मूळ आणि कूळ: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

नदीचे मूळ आणि ऋषीचे कूळ शोधू नये, असे आपल्याकडे म्हणतात. शब्दाचे मात्र दोन्ही शोधावे, कारण शब्द आपल्या प्रवासाच्या खुणा अंगावर वागवत असतो आणि त्या वाचता आल्या की माणसांच्या व्यापाराचा, जिभेच्या सवयींचा आणि स्वयंपाकघराचा इतिहास समोर उभा राहतो. ‘शुगर’ हा असाच एक शब्द आहे. त्याविषयी जिज्ञासू वाचकांकडून पुन्हा पुन्हा येणाऱ्या प्रश्नांची उत्तरे येथे दिली आहेत.

‘शुगर’ हा शब्द मुळात इंग्रजी आहे का?

नाही. तो इंग्रजीने फ्रेंचकडून घेतला, फ्रेंचने मध्ययुगीन लॅटिनकडून, लॅटिनने अरबीकडून, अरबीने फारसीकडून आणि फारसीने भारताकडून घेतला. मार्ग थोडक्यात असा: संस्कृत ‘शर्करा’ आणि तिची प्राकृत रूपे, फारसी ‘शकर’, अरबी ‘सुक्कर’, मध्ययुगीन लॅटिन ‘सुक्कारुम’, जुने फ्रेंच ‘सुक्र’ आणि अखेर इंग्रजी ‘शुगर’. या साखळीतील प्रत्येक दुव्याला लेखी पुरावा आहे. केवळ दोन शब्द कानाला सारखे वाटतात म्हणून लावलेले हे नाते नव्हे.

‘शर्करा’ या शब्दाचा मूळ अर्थ ‘साखर’ असाच होता का?

या शब्दाच्या इतिहासातील सर्वांत सुंदर भाग या प्रश्नात दडलेला आहे, म्हणून थोडे विस्ताराने लिहितो. ‘शर्करा’ म्हणजे मुळात खडे, खडी, जाड वाळू. त्यात गोडव्याचा काहीही संबंध नव्हता. अथर्ववेदात हा शब्द खड्यांसाठीच येतो. शतपथ ब्राह्मणात अग्न्याधानासाठी, म्हणजे यज्ञाचा अग्नी स्थापण्यासाठी, जे पदार्थ गोळा करायचे सांगितले आहेत, त्यांत शर्करा आहेत आणि त्यांचे कारणही दिले आहे: आरंभी पृथ्वी कमळाच्या पानासारखी हेलकावे खात होती, तेव्हा देवांनी खड्यांनी तिला स्थिर केले. पाणिनीने एका सूत्रात ‘सिकता’ आणि ‘शर्करा’ हे दोन शब्द शेजारी ठेवले आहेत. सिकता म्हणजे वाळू आणि शर्करा म्हणजे तिच्याहून जाड खडे. ज्या जमिनीत खडे फार, ती ‘शर्करिल’. आयुर्वेदात मूतखड्याच्या बारीक कणांनाही ‘शर्करा’ हेच नाव आहे, आणि तेथे त्याचा अर्थ गोड पदार्थ असा घेतला तर सगळाच घोटाळा होईल.

हा जुना अर्थ मराठीने वेगळ्या शब्दात जपून ठेवला आहे. आपण ‘खडीसाखर’ म्हणतो. रस्त्यावर पसरतात ती खडी आणि देवापुढे ठेवतात ती खडीसाखर, या दोहोंतील ‘खडी’ आकारावरून आलेली आहे. ‘शर्करा’ या शब्दात जी कल्पना होती, तीच मराठी माणसाने ‘खडी’ हा शब्द जोडून नव्याने सांगितली, आणि तीही मूळ अर्थ ठाऊक नसताना.

मग खड्यांचे नाव गोड पदार्थाला कसे मिळाले?

गुऱ्हाळात गेलेल्या माणसाला याचे उत्तर डोळ्यांनी दिसते. उसाचा रस काहिलीत उकळत असतो, वर आलेली मळी काढली जाते, रस आटत जातो. गूळ होण्याच्या आधी तो दाट, तांबूस आणि तारेवर आलेला असतो, तीच काकवी. आमच्या घरी एकदा काकवीची बरणी कपाटाच्या मागच्या बाजूला काही महिने तशीच राहून गेली. उघडून पाहिली तेव्हा वर पातळ रस होता आणि तळाशी भरड दाण्यांचा थर बसला होता. चमच्याने तो खरवडला तेव्हा नदीकाठच्या ओल्या वाळूसारखा आवाज झाला आणि दाताखाली करकर लागली. ज्या कोणी असा थर पहिल्यांदा पाहिला असेल, त्याला ‘शर्करा’ याहून योग्य शब्द सुचला नसता.

उसाचा रस गोड असतो हे ऊस चघळणाऱ्या प्रत्येकाला ठाऊक होते. ऊस मुळात न्यू गिनीच्या बाजूला माणसाळवला गेला आणि तेथून आशियात पसरला. रसापासून घट्ट, कोरडा, दाणेदार पदार्थ वेगळा काढणे आणि तो टिकवणे ही मात्र भारतातील कारागिरांनी साधलेली गोष्ट होती. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात कोठारातील वस्तू सांगताना फाणित, गुड, मत्स्यण्डिका, खण्ड आणि शर्करा अशी नावे एकापाठोपाठ येतात. ही यादी म्हणजे जवळजवळ कृतीच आहे. फाणित म्हणजे काकवीसारखा आटवलेला रस, गुड म्हणजे गूळ, मत्स्यण्डिका म्हणजे माशाच्या अंड्यांसारखे बारीक कण धरलेली राब, खण्ड म्हणजे तुकडे पडणारी खांड आणि शर्करा म्हणजे स्वच्छ दाणा. चरकसंहितेतही हे पदार्थ उत्तरोत्तर अधिक निर्मळ होत जातात आणि जितके निर्मळ तितके शीतल, असे म्हटले आहे. म्हणजे जगभर गेलेला शब्द उसाचा नाही, रसाचा नाही, गुळाचाही नाही. तो दाण्याचा आहे. नवीन होता तो दाणा, आणि तोच आपले नाव घेऊन देशोदेशी गेला.

मराठी ‘साखर’ आणि इंग्रजी ‘शुगर’ यांचे नेमके नाते कोणते?

ती एका आजीची नातवंडे आहेत, पण वेगवेगळ्या घरांत वाढलेली. मराठीने ‘साखर’ हा शब्द फारसीतून किंवा इंग्रजीतून घेतलेला नाही. तो प्राकृतातून थेट वारशाने आला आहे. संस्कृत ‘शर्करा’ पाली भाषेत ‘सक्खरा’ झाली. तेथे ‘र्’ आणि ‘क’ यांच्या जोडाक्षरातील ‘र्’ गळाला आणि उरलेला ‘क’ द्वित्त होऊन ‘क्ख’ झाला. पुढे मराठीने अशा द्वित्ताचे एकच व्यंजन केले आणि आधीचा स्वर लांबवला. हा नियम आपल्या रोजच्या शब्दांत सर्वत्र दिसतो: कर्म, कम्म, काम; हस्त, हत्थ, हात; दुग्ध, दुद्ध, दूध. त्याच रांगेत शर्करा, सक्खरा, साखर.

हिंदीतील ‘शक्कर’ मात्र फारसीच्या वाटेने आलेला आहे, म्हणून त्यात ‘श’ आहे आणि ‘ख’ नाही. एकाच देशात शेजारी नांदणाऱ्या दोन भाषांत एकाच शब्दाची एक प्रत वारशाने आणि दुसरी परदेशाहून फिरून यावी, हे शब्दांच्या बाबतीत वरचेवर घडते.

प्राचीन ग्रीक आणि रोमन लोकांना हा शब्द ठाऊक होता का?

होता, पण पदार्थ त्यांच्या स्वयंपाकघरात नव्हता. इसवी सनपूर्व चौथ्या शतकात अलेक्झांडरचा नौदलप्रमुख निआर्कस याने भारतात अशा बोरूंचे वर्णन केले की ज्यांपासून मधमाश्यांशिवाय मध मिळतो. हे वर्णन स्ट्रॅबो या ग्रीक भूगोलकाराने उद्धृत केले म्हणून आपल्यापर्यंत पोहोचले. त्यात वस्तू आहे, शब्द नाही.

शब्द दिसतो तो इसवी सनाच्या पहिल्या शतकात. ग्रीक भाषेत लिहिलेल्या ‘पेरिप्लस’ या समुद्रमार्गवर्णनात, भडोच बंदर आणि त्याच्या आसपासच्या प्रदेशातून आफ्रिकेच्या किनाऱ्यावर जाणाऱ्या मालात गहू, तांदूळ, तूप, तिळाचे तेल आणि सुती कापड यांच्या बरोबरीने ‘साक्खारी नावाचा बोरूचा मध’ नोंदवला आहे. याच ग्रंथात पैठण आणि तेर येथून भडोचला येणाऱ्या मालाचाही उल्लेख आहे. त्या बंदरात उतरलेल्या खलाशाने हा शब्द ऐकला तो ग्रंथातून नव्हे, तर विकणाऱ्याच्या तोंडून, आणि ते शब्दाच्या रूपावरून सिद्ध होते. ग्रीक ‘साक्खारी’ आणि ‘साक्खारोन’ यांत ‘र्क’ नाही, ‘क्ख’ आहे. म्हणजे ग्रीकांनी पंडितांची ‘शर्करा’ घेतली नाही. बाजारात बोलली जाणारी ‘सक्खरा’ घेतली.

त्याच शतकातील ग्रीक वैद्य डायोस्कोरिडीस लिहितो की भारतात आणि सुपीक अरबस्तानात बोरूंमध्ये गोठलेल्या मधासारखा साक्खारोन नावाचा पदार्थ सापडतो, तो मिठासारखा असतो आणि मिठासारखाच दाताखाली फुटतो. पाण्यात विरघळवून घेतला तर पोटाला बरा, असेही तो सांगतो. रोमन लेखक प्लिनी तोच पदार्थ डिंकासारखा पांढरा, दाताने फुटणारा आणि फक्त औषधापुरता वापरला जाणारा असल्याचे नोंदवतो, आणि भारतातला अधिक नावाजलेला असल्याचेही सांगतो. दोघांनीही चवीइतकेच दाताखाली फुटण्याला महत्त्व दिले, हे मला फार बोलके वाटते. शब्दाचा मूळ अर्थ त्यांना ठाऊक नव्हता, पण त्या अर्थामागचा अनुभव त्यांनी अचूक टिपला.

रशियन भाषेत साखरेला ‘साखर’च म्हणतात, हे खरे आहे का?

खरे आहे. रशियनमधील ‘ख’ आपल्यापेक्षा थोडा घर्षक, घशातून येणारा आहे, परंतु शब्द ऐकताना मराठी माणूस चमकतो हे निश्चित. हा योगायोग नाही आणि रशियनने तो मराठीकडून घेतला असेही नाही. रशियन शब्द ग्रीक ‘साक्खारोन’वरून आला, ग्रीक शब्द आपल्याकडील ‘सक्खरा’वरून, आणि मराठी ‘साखर’ही तशाच प्राकृत रूपावरून. दोन्हीकडे तो ‘ख’ टिकला म्हणून दोन हजार वर्षांनंतरही त्या दोघी ओळखू येतात.

मग इंग्रजी ‘शुगर’ ग्रीकमधूनच आला असेल, नाही का?

नाही. येथे अनेकांची गल्लत होते. भारतातून हा शब्द पश्चिमेकडे दोनदा गेला. पहिल्यांदा ग्रीक व्यापाऱ्यांबरोबर समुद्राने, आणि तो बहुतांशी वैद्यांच्या ग्रंथांत राहिला. दुसऱ्यांदा इराणमार्गे, आणि या वेळी शब्दाबरोबर ऊस लावण्याची व साखर करण्याची विद्याही गेली. वायव्य भारतातील गांधारी प्राकृतात श, ष आणि स हे तिन्ही वर्ण शाबूत होते, त्यामुळे फारसी ‘शकर’मध्ये ‘श’ दिसणे स्वाभाविक आहे. अरबांनी त्याचे ‘सुक्कर’ केले आणि ऊस इजिप्त, सिसिली व स्पेनपर्यंत नेला.

स्पेन आणि पोर्तुगालमध्ये एक मजेदार गोष्ट घडली. अरबीत नामापूर्वी ‘अल्’ हे उपपद लागते आणि ‘स’च्या आधी त्याचा उच्चार ‘अस्’ होतो, म्हणून ‘अस्-सुक्कर’. तेथील लोकांनी उपपदासकट अख्खा शब्द उचलला आणि पोर्तुगीजमध्ये ‘असूकार’ तयार झाला; स्पॅनिश शब्दही असाच ‘अ’ने सुरू होतो. इटालियन भाषेने मात्र उपपद सोडून दिले आणि ‘त्सुक्केरो’ म्हटले. फ्रेंचचा ‘स्युक्र’, जर्मनचा ‘त्सुकर’ आणि इंग्रजीचा ‘शुगर’ या उपपद नसलेल्या शाखेतले आहेत. ‘कॉटन’ या शब्दाचेही असेच झाले: अरबी ‘कुत्न’ स्पॅनिशमध्ये ‘अल्गोदोन’ झाला आणि इटालियन-फ्रेंच मार्गाने इंग्रजीत ‘कॉटन’ होऊन पोहोचला.

‘शुगर’मधील ‘श’ हा ‘शर्करे’तलाच ‘श’ आहे ना?

हा प्रश्न सर्वाधिक वेळा येतो आणि उत्तराने पुष्कळांची निराशा होते. नाही, तो ‘श’ वेगळा आहे. शर्करेतला ‘श’ अरबीत पोहोचतानाच ‘स’ झाला होता, आणि लॅटिन, फ्रेंच व जुन्या इंग्रजी रूपांतही ‘स’च होता, इंग्रजी लेखनात आजही ‘स’चेच अक्षर आहे. फ्रेंचमधील ‘क’च्या जागी इंग्रजीत ‘ग’ आला तो निराळाच बदल. पुढे इंग्रजीत या शब्दाचा उच्चार ‘स्यु’ असा होऊ लागला आणि ‘स’ व ‘य’ एकत्र आल्यावर त्यांचा ‘श’ झाला. ‘शुअर’ या शब्दाचेही तेच झाले. तो लॅटिन ‘सेकूरुस’वरून फ्रेंचमार्गे आला आणि त्यात मुळात ‘श’ कुठेच नव्हता. ‘प्रेशर’, ‘टिश्यू’, ‘मिशन’ यांतील ‘श’ची जन्मकथाही हीच.

मराठी वाचकाला हा बदल परका वाटू नये, कारण आपल्या भाषेनेही तो केला आहे. ‘स’ला ‘इ’चा स्पर्श झाला की जुन्या मराठीत ‘श’ होतो: सीमा या शब्दाची ‘शीव’ झाली, आणि मुंबईतील शीव हे ठिकाण त्याच अर्थाचे आहे, ‘सीव्यति’पासून ‘शिवणे’ आले. लंडनमधील जीभ आणि महाराष्ट्रातील जीभ एकमेकींना न विचारता सारख्याच वळणावर गेल्या. म्हणून ‘शुगर’मधील ‘श’ पाहून मूळ शोधले तर माणूस योग्य गावी पोहोचतो खरा, पण चुकीच्या वाटेने. आणि व्युत्पत्तीत वाटेला गावाइतकेच महत्त्व आहे.

हा शब्द इंग्रजीत केव्हा आला?

तेराव्या शतकाच्या अखेरीस तो इंग्रजीत दिसू लागतो. त्या काळी वर्णलेखन ठरलेले नव्हते, त्यामुळे ‘सुग्र’, ‘सुकर’ अशा निरनिराळ्या रूपांत तो आढळतो. धर्मयुद्धांच्या निमित्ताने पूर्व भूमध्य समुद्राच्या किनाऱ्यावर गेलेल्या युरोपीय लोकांनी ऊस आणि साखर जवळून पाहिली होती, आणि इंग्लंडमध्ये ती मसाल्याच्या पदार्थांप्रमाणे महाग, औषधी आणि श्रीमंतांच्या कोठीतील वस्तू होती.

येथे एक तारीख शेजारी ठेवावीशी वाटते. शके १२१२ मध्ये, म्हणजे इसवी सन १२९० मध्ये, ज्ञानेश्वरी सांगून झाली. तिच्या आठव्या अध्यायात असा दृष्टान्त आहे की कितीही बुद्धी चालवली तरी साखरेचा पुन्हा ऊस करता येत नाही. इंग्लंडमध्ये ज्या सुमारास हा शब्द परदेशी मालाचे नाव म्हणून प्रथमच लिहिला जात होता, त्या सुमारास मराठीत तो इतका घरचा झाला होता की ब्रह्मविद्या समजावून सांगण्यासाठी श्रोत्यांपुढे सहज ठेवता येत होता.

इंग्रजीत तो रोजचा शब्द झाला तो फार पुढे. कोलंबसाने १४९३ च्या दुसऱ्या सफरीत ऊस कॅरिबियन बेटांवर नेला, आणि नंतरच्या शतकांत आफ्रिकेतून पकडून आणलेल्या गुलामांच्या श्रमावर तेथील मळे उभे राहिले. औषधाच्या पुडीतला शब्द इंग्रजांच्या चहाच्या पेल्यात उतरला, त्यामागे ही किंमत आहे आणि शब्दाचा इतिहास लिहिताना ती गाळता येणार नाही.

‘कँडी’ हा शब्दही आपलाच आहे का?

होय, आणि तोही अरबी-फारसी मार्गानेच गेला. संस्कृत ‘खण्ड’ म्हणजे तुकडा. त्यावरून साखरेच्या तुकड्यांना फारसीत ‘कंद’ आणि अरबीत ‘कंदी’ हे विशेषण तयार झाले. जुन्या फ्रेंचमध्ये ‘सुक्र कांदी’ अशी जोडी होती, म्हणजे तुकड्यांची साखर, आणि इंग्रजीत ती जोडीच आधी आली. कालांतराने पहिला शब्द गळून ‘कँडी’ एकटी उरली. काही अभ्यासक ‘खण्ड’च्याही मागे द्राविड भाषांतील शब्द पाहतात.

मराठीत या शब्दाची दोन्ही रूपे आहेत. एक ‘खांड’, जी घरची. दुसरी ‘गुलकंद’मध्ये लपलेली आहे: ‘गुल’ म्हणजे गुलाब आणि ‘कंद’ म्हणजे साखर. जमिनीखालच्या कंदाशी त्याचा काही संबंध नाही. फारसीने आपल्या ‘खण्डा’चा ‘कंद’ केला आणि गुलाबाच्या पाकळ्यांत घालून तो परत दिला.

‘जॅगरी’ म्हणजे गूळ. मग तो शब्द ‘गुड’वरून आला का?

नाही, तोही शर्करेवरूनच. मलबारच्या किनाऱ्यावर पोर्तुगीजांनी जो गूळ पाहिला, त्याला मलयाळममध्ये ‘शर्क्करा’ म्हणतात; मलयाळममध्ये या शब्दाचा अर्थ आजही गूळ असाच आहे. पोर्तुगीजांच्या तोंडी त्याचे ‘जागरा’ झाले आणि सोळाव्या शतकाच्या अखेरीस इंग्रजांनी तो उचलला. त्यामुळे ज्या दोन वस्तू आपण साखर आणि गूळ अशा स्पष्ट वेगळ्या नावांनी ओळखतो, त्या दोन्हींची इंग्रजी नावे एकाच शर्करेची अपत्ये आहेत. ‘गुड’ हा शब्द मात्र दुसऱ्या दिशेला गेला. मलय आणि जावानीज भाषांत साखरेला ‘गुला’ म्हणतात, तो हाच.

‘स्वीट’ आणि ‘स्वादु’ सारखे आहेत, तर तोही शब्द इंग्रजांनी आपल्याकडूनच घेतला ना?

येथे थांबून एक भेद नीट समजून घेणे अत्यंत आवश्यक आहे. ‘शुगर’ हा उसना शब्द आहे. ‘स्वीट’ हा इंग्रजीचा स्वतःचा, वारशाचा शब्द आहे. इंग्रजी आणि संस्कृत या दोन्ही भाषा हजारो वर्षांपूर्वीच्या एका समान इंडो-युरोपीय भाषेपासून फुटलेल्या असल्यामुळे, तिच्यातील गोड या अर्थाचा शब्द संस्कृतात ‘स्वादु’ झाला आणि इंग्रजीत ‘स्वीट’. तसेच मधापासून केलेल्या मद्याचे इंग्रजी नाव ‘मीड’ आणि आपला ‘मधु’ ही भावंडे आहेत.

मग भावंड कोणते आणि उसने कोणते, हे ओळखायचे कसे? वारशाच्या शब्दांत ध्वनींचा फरक ठराविक नियमाने पडतो. संस्कृतातील ‘द’च्या जागी इंग्रजीत ‘ट’ येतो: द्वि आणि टू, दश आणि टेन, तसेच स्वादु आणि स्वीट. उसन्या शब्दाला हा नियम लागू होत नाही, आणि त्याच्या मागे व्यापाराची, तारखांची व मधल्या भाषांची साखळी सापडते. इंग्रजी ही संस्कृतची मुलगी आहे असे जे मोठ्या आत्मविश्वासाने सांगितले जाते, ते हे दोन प्रकार एकत्र कालवल्यामुळे. त्यात संस्कृतचा सन्मान होत नाही. शर्करेचा खरा प्रवास पुरेसा गौरवाचा आहे. त्याला खोट्या वंशावळीची गरज नाही.

‘सिरप’, ‘मोलॅसिस’, ‘ट्रिकल’ यांचाही शर्करेशी संबंध आहे का?

नाही. ‘सिरप’ अरबी ‘शराब’वरून आला, त्याचा मूळ अर्थ केवळ पेय, आणि आपले ‘सरबत’ त्याच धातूचे. ‘मोलॅसिस’ लॅटिनमधील मधाच्या नावावरून पोर्तुगीजमार्गे आला. ‘ट्रिकल’ हे मूळचे विषारी प्राण्यांच्या दंशावरील औषधाचे ग्रीक नाव आहे.

विज्ञानातील ‘सॅकरिन’, ‘सुक्रोज’ हे शब्द कुठून आले?

विज्ञानाने दोन्ही शाखा वापरल्या. ग्रीक-लॅटिन शाखेतून उसाचे शास्त्रीय नाव ‘सॅकरम ऑफिसिनारम’ आले, जे स्वीडिश वनस्पतिशास्त्रज्ञ लिनियसने १७५३ मध्ये नोंदवले. त्यातील दुसऱ्या शब्दाचा अर्थ ‘औषधालयांचा’ असा आहे आणि प्लिनीची आठवण करून देतो. पाव फुगवणाऱ्या यीस्टचे नाव ‘सॅकरोमायसिस’, म्हणजे साखरेची बुरशी. १८७९ मध्ये बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात आयरा रेमसन यांच्या प्रयोगशाळेत काम करणाऱ्या कॉन्स्टंटिन फालबर्ग यांना, हाताला लागलेल्या रसायनाची चव जेवताना गोड लागली आणि त्यातून ‘सॅकरिन’ पुढे आले. त्यात साखरेचा कणही नाही, नाव मात्र साखरेचे. ‘सुक्रोज’ हे १८५७ मधील नाव फ्रेंच शाखेतले, ‘सुक्र’ला प्रत्यय लावून केलेले.

साखर भारतातील, तर हिंदीत तिला ‘चीनी’ का म्हणतात?

‘चीनी’ म्हणजे चीनची आणि ‘मिस्री’ म्हणजे मिस्रची, अर्थात इजिप्तची. एखाद्या प्रतीचा माल जेथून येतो किंवा जेथल्या पद्धतीचा समजला जातो, तेथले नाव त्याला चिकटते. चीनकडे मात्र ही विद्या भारतातून गेली: ६४७ मध्ये तांग सम्राट ताइझोंग याने साखर करण्याची पद्धत शिकण्यासाठी मगधात माणसे पाठवल्याची नोंद चिनी इतिहासात आहे. चिनी भाषेत घट्ट साखरेचे एक जुने नाव ‘दगडी मध’ या अर्थाचे होते. खड्याची उपमा तेथेही सुचली, हे लक्षात घेण्यासारखे आहे.

मराठी माणसांचा या शब्दाच्या जगभराच्या प्रवासाशी काही संबंध आहे का?

आहे, आणि तो घामाचा आहे. १८३४ पासून मॉरिशसच्या ऊसमळ्यांवर करारबद्ध मजूर म्हणून भारतातून माणसे नेली गेली. त्यांत मुंबई बंदरातून गेलेली मराठी कुटुंबेही होती, आणि त्यांचे वंशज आजही तेथे आहेत. या कुटुंबांच्या पूर्वजांनी गावी ‘साखर’ म्हटले होते. मॉरिशसच्या क्रिओल भाषेत तिचे नाव ‘दिसिक’ आहे. ते फ्रेंच ‘द्यु स्युक्र’ या शब्दांवरून आले: ‘द्यु’ हे फ्रेंचमधील उपपद नामाला कायमचे चिकटले, अगदी स्पेनमध्ये अरबी ‘अल्’ चिकटले तसेच. ज्या भाषेत ‘साखर’ वारशाने आली त्या भाषेची माणसे मळ्यात ऊस तोडत होती, आणि त्याच शब्दाचे चार भाषांतून फिरून आलेले रूप भोवती ऐकत होती.

‘शुगर’ मुळात आपलाच शब्द असेल, तर मराठीत तो वापरायला हरकत काय?

हरकत घेण्याआधी मराठी माणूस तो कसा वापरतो ते पाहावे. बोलण्यात त्याने दोन्ही शब्दांची कामे वाटून दिली आहेत. चहात घालतात ती साखर. रक्तात वाढते ती शुगर. ‘त्यांना शुगर आहे’ म्हणजे मधुमेह आहे, ‘त्यांच्याकडे साखर आहे’ म्हणजे डब्यात साखर आहे. साखरपुडा, साखरेचे खाणार त्याला देव देणार, जिभेवर साखर, यांपैकी कशातही ‘शुगर’ शिरलेला नाही आणि शिरेल असे वाटत नाही. लेखनात ‘रक्तातील साखर’ किंवा ‘रक्तशर्करा’ हे शब्द स्वच्छ आणि पुरेसे आहेत, व मी तेच वापरावेत असे सुचवीन. बोलण्यात मात्र आजी तपासणीहून परतल्यावर ‘आज शुगर किती आली?’ असे विचारतात आणि त्याच श्वासात ‘चहात साखर घालू नकोस हं’ असे सांगतात, तेव्हा एकाच ‘शर्करे’ची दोन रूपे त्यांच्या तोंडी शेजारी शेजारी येतात.